फिल्मवरचे पांढरे ठिपके

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. २०११ साली आम्ही एका केमिकल कारखान्याच्या पाइपलाइनचं काम घेतलं होतं. २ इंची स्टेनलेस पाइप, सगळे सांधे आर्गनचे आणि प्रत्येक सांध्याचा एक्स-रे. बाहेरून झाळ इतकी सुरेख उतरली होती की मी निर्धास्त होतो. निकाल आला तेव्हा ३२ पैकी ९ सांधे नापास.

तपासायला आलेल्या गृहस्थांनी फिल्म दिव्यासमोर धरली. राखाडी पट्ट्यात सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते. मला वाटलं, गॅसची भोकं. ते म्हणाले, "भोक असतं तर काळं दिसलं असतं. पांढरं दिसतंय म्हणजे पोलादापेक्षा जड काहीतरी आत बसलंय. हे तुमच्या टॉर्चमधल्या कांडीचं टंगस्टन आहे."

पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, टंगस्टन एकोणीसपट. क्ष-किरण त्या कणापाशी अडतात, म्हणून फिल्मवर तो पांढरा उमटतो. शिवाय टंगस्टन वितळायला ३४०० अंशांच्या वर उष्णता लागते आणि स्टेनलेस १४५० अंशांच्या आतबाहेरच पातळ होतं. वितळलेल्या धातूत पडलेला तुकडा विरघळून जात नाही, खड्यासारखा तसाच राहतो. दाबाखालच्या पाइपात त्याच्याभोवती तडा सुरू होऊ शकतो. नऊही सांधे कापले, दोन रात्री जागून पुन्हा केले. पैसे गेले, पण त्याहून जास्त लागलं ते हे की अकरा वर्षं टॉर्च धरणाऱ्या माझ्या हातून हे झालं होतं.

तिसऱ्या दिवशी टंगस्टनचा डबा टेबलावर ओतला. बहुतेक कांड्यांना दोन्ही बाजूंनी टोक काढलेलं. एक बोथट झालं की कांडी उलटी करायची आणि काम पुढे चालू, ही आमची सवय. त्यात रंगाची पट्टी घासून गेलेली. कुठली कांडी कसली, हे सांगायला काही उरलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या कामाच्या शुद्ध टंगस्टनच्या कांड्याही त्यातच मिसळल्या होत्या. शुद्ध टंगस्टनचं टोक स्टेनलेसच्या डीसी करंटवर टिकत नाही, त्याचा गोळा होतो आणि कण उडतात. तेव्हापासून माझ्याकडे एकच टोक काढायचं, रंगाची बाजू मागे ठेवायची, हा नियम आहे. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगतो.

हिरवी कांडी शुद्ध टंगस्टनची, लाल थोरियमची, करडी सिरियमची, सोनेरी आणि निळी लँथेनमची, पांढरी झिर्कोनियमची. नुसत्या रंगावर भागवू नका, पाकिटावरचा कोड वाचा. डब्ल्यूएल २० म्हणजे सुमारे २ टक्के लँथेनम ऑक्साइड, ती निळी. हे ऑक्साइड टंगस्टनमध्ये असलं की आर्क चटकन लागतो आणि टोक कमी तापतं. लहान वर्कशॉपला माझं सांगणं सरळ आहे: निळी किंवा सोनेरी घ्या. स्टेनलेस, लोखंड आणि इन्व्हर्टर मशीनवर ॲल्युमिनियम, तिन्हीला ती चालते. चार रंग एका डब्यात ठेवण्यापेक्षा हे बरं.

जाडी करंटवर ठरते. १.६ मिलिमीटरची कांडी साधारण ७० ते १५० अँपिअरला, २.४ ची त्यापुढे अडीचशेपर्यंत. पातळ पत्र्याला १ मिलिमीटर. कमी करंटला जाड कांडी लावली की आर्क एका जागी ठरत नाही, जास्त करंटला बारीक लावली की टोक गळून कामात पडतं.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र घासण्यात होती. कांडी चाकावर आडवी धरून गोल फिरवत आम्ही टोक काढायचो. त्यानं टोकाभोवती आट्यांसारख्या रेघा पडतात. आर्क त्या रेघांवर भरकटतो आणि टोकाचे कण सुटायची भीती वाढते. रेघा कांडीच्या लांबीच्या दिशेनं, टोकाकडे जाणाऱ्या हव्यात. पेन्सिलीसारख्या निमुळत्या भागाची लांबी कांडीच्या जाडीच्या दोन ते अडीच पट ठेवा, म्हणजे १.६ ला साडेतीन-चार मिलिमीटर. शेवटी अगदी टोकाला चाकाचा हलका स्पर्श देऊन सुईपणा मोडा. आणि टंगस्टनचं चाक वेगळं ठेवा. ज्या चाकावर लोखंड घासलं, त्याचे कण टोकावर बसतात.

जॉबवर कांडी घासून आर्क लावायचंही मी बंद केलं. कांडी न टेकवता आर्क लावणारं हाय फ्रिक्वेन्सीचं मशीन महाग वाटलं होतं, त्या नऊ सांध्यांनंतर वाटेनासं झालं. टोक फिलरला किंवा वितळलेल्या धातूला लागलं, तर तिथेच थांबा. भंगारावर आर्क मारून ते साफ होत नाही. खराब भाग काढून पुन्हा घासा. काम संपल्यावर टॉर्च लगेच उचलू नका. दर १० अँपिअरला साधारण एक सेकंद आर्गन चालू राहू द्या, म्हणजे ९० अँपिअरला नऊ सेकंद. टोक चांदीसारखं राहिलं तर ठीक. निळं-काळं पडलं तर तापलेल्या टंगस्टनला हवा लागली, असं समजा.

आता लाल कांडीबद्दल. ती उत्तम चालते, म्हणून जुने मेस्त्री तिला सोडत नाहीत. मीही वर्षानुवर्षं तीच वापरली, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता घासली. त्यातलं थोरियम किरणोत्सारी आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सापडतं तेच. त्याचं किरणोत्सर्जन निम्म्यावर यायला सुमारे १४०० कोटी वर्षं लागतात. त्यातून निघणारे अल्फा किरण कागदानंही अडतात, त्यामुळे कांडी हातात धरली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण घासताना उडालेली धूळ श्वासातून फुप्फुसात गेली, तर तिथे अडवायला मध्ये काही नसतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर माझ्या शेजारी उभी राहून शिकणारी मुलंही तीच धूळ श्वासात घेत होती. याची मला आजही खंत आहे.

तुमच्याकडे लाल कांड्या उरल्या असतील, तर घासताना धुळीचा चांगला मास्क लावा, धूळ ओढणारा पंखा ठेवा, ग्राइंडरजवळ जेवणाचा डबा उघडू नका. आणि उद्या सकाळी ग्राइंडरखालची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या. तिथे झाडू किंवा हवेचा पाइप मारू नका.