कपकेकवरचं बटरक्रीम का ओघळतं?

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरात सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, तेव्हा साखरेची ओळख करून द्यायला नको. पण दाणेदार साखर बटरमध्ये कितीही फेटा, कचकच लागतेच. साखर पाण्यात विरघळते, तुपा-तेलात नाही. आणि बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धच. म्हणून ती मिक्सरवर दळून चाळून घ्या. १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर दूध. पांढुरकं, हलकं होईस्तोवर फेटा. घरचं लोणी नको बरं, त्यात पाणी जास्त, फूल उभंच राहत नाही.

खरी अडचण मे महिन्यात. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आपल्याकडे पारा चाळिशीपार! कपकेक पूर्ण गार झाल्यावर, पहाटेच नक्षी काढा, डबा लगेच फ्रीजमध्ये. वाढायच्या दहा मिनिटं आधीच बाहेर काढा.