आधीचे दुखणे, कामावरची इजा आणि भरपाईचा हिशेब

लातूरच्या आडतीत सोयाबीनची थप्पी लावताना पंचेचाळिशीच्या हमालाच्या कमरेत कळ येते आणि तो जागीच बसतो. दोन दिवसांनी एमआरआय निघतो. त्यात मणक्यांची झीज दिसते, ती मात्र दोन दिवसांची नसते, काही वर्षांची असते. ‘‘हे तर याचं जुनंच दुखणं,’’ असे म्हणून मालक औषधापुरते हजार-दोन हजार हातावर ठेवतो. घरच्यांनाही ते पटते, कारण कंबर आधीपासून दुखायची हे त्यांना ठाऊक असते. प्रकरण तिथेच मिटते, आणि हक्काचे चार-साडेचार लाख रुपये कुणी मागतच नाही.

ही रक्कम कुठून आली ते पुढे सांगतो. आधी मालकाच्या त्या वाक्यात किती दम आहे ते पाहू.

कामगार भरपाईचा कायदा १९२३चा. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्या अपघाताला संहिता, असे समजायचे. हिशेबाची रीत बहुतांशी तीच आहे. कायम अपंगत्व आले तर कमाईची ताकद किती घटली ते मोजतात, आणि मोजताना अपघाताच्या वेळी तो कामगार कोणती कामे करू शकत होता हे पाहतात. तो मुळात धडधाकट असायला हवा होता, अशी अट कायद्यात कुठेही नाही. आदल्या दिवसापर्यंत जो माणूस ५० किलोची पोती वाहत होता आणि पूर्ण हमाली घेत होता, त्याची आधीची ताकद पूर्णच धरायला हवी. त्याचा एमआरआय काहीही म्हणो.

याचे सगळ्यात लख्ख उदाहरण कायद्याच्या यादीतच आहे. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला, तर यादी ४० टक्के धरते. पण एका डोळ्याने आधीच अधू असलेल्या कामगाराचा उरलेला डोळा कामावर गेला आणि नजर लागणारे कोणतेच काम त्याला करता येईना, तर तीच यादी १०० टक्के म्हणते. आधीच्या अधूपणामुळे इथे भरपाई घटत नाही, उलट वाढते.

हृदयविकाराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा १९५३चा निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो. मुंबई पोर्ट ट्रस्टमधल्या एका कामगाराला आधीपासून हृदयविकार होता आणि त्यातच तो गेला. पत्नीने दावा केला. न्यायालयाने सांगितलेले तत्त्व असे: मृत्यू निव्वळ रोगाने, रोग वाढत जाऊन झाला असेल तर मालक जबाबदार नाही, पण कामाने त्याला हातभार लावला असेल किंवा मृत्यू लवकर ओढवला असेल, तर जबाबदार. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लांब पल्ल्याच्या एका ट्रकचालकाच्या बाबतीत हेच केले. हजारावर किलोमीटर ट्रक चालवून आलेल्या त्या चालकाला अस्वस्थ वाटू लागले, त्याने गाडी कडेला लावली आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. वारसांना भरपाई मिळाली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीवरच्या एका तरुण क्लीनरच्या आईचा दावा नाकारला. हृदयविकाराचा झटका कामावर असताना आला एवढे पुरत नाही. त्या कामाचा ताण होता आणि त्या ताणाचा झटक्याशी संबंध होता, हे पुराव्याने दाखवावे लागते. पाठीच्या दुखण्याचेही तसेच. ‘‘वीस वर्षं पोती वाहून कंबर गेली,’’ हे खरे असले तरी त्यावर दावा उभा राहणे कठीण. अमुक दिवशी, अमुक पोते उचलताना, अचानक कळ आली, अशी ठरावीक घटना लागते. कापसाच्या धुळीने किंवा उसाच्या चिपाडाच्या भुशाने फुफ्फुसे गेली तर ती बाब व्यवसायजन्य रोगांच्या यादीत येते आणि तिचे नियम निराळे आहेत. जिनिंग आणि साखर कारखान्यातल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता पैसे. पगारपत्रकात ईएसआयची कपात असेल तर मालकावर भरपाईचा दावा करता येत नाही. लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडूनच घ्यायचा. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात साधारण ९० टक्के पगार मिळतो आणि कायम अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागते. हमाल, वीटभट्टीवाले, ट्रकवाले, ऊसतोडणीला जाणारे बहुतेक जण ईएसआयच्या बाहेर असतात. पुढचा हिशेब त्यांचा.

सूत्र असे: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले कमाईची ताकद जितके टक्के घटली तो आकडा. मजुरी कितीही असली तरी जानेवारी २०२०च्या अधिसूचनेनुसार १५,००० रुपयेच धरतात; अर्ज करताना चालू अधिसूचना कोणती ते विचारून घ्यावे. गुणांक तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. आपला हमाल ४५ वर्षांचा, महिन्याची कमाई १८,०००. धरायचे १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले १६९.४४ म्हणजे १५,२४,९६०. डॉक्टरांनी ३० टक्के घट लिहिली तर हातात ४,५७,४८८ रुपये.

मालकाच्या विमा कंपनीचा वकील म्हणणार, यातले निम्मे दुखणे जुने. ते मान्य झाले तर ३०चे १५ टक्के होतात आणि २,२८,७४४ रुपये जातात. डॉक्टरांच्या दाखल्यातल्या एका वाक्याची ही किंमत आहे.

याशिवाय काम बंद असलेल्या काळाचे दर पंधरवड्याला मजुरीचे २५ टक्के, म्हणजे या हिशेबाने ३,७५० रुपये. घरी बसणे तीन दिवसांहून जास्त झाले तरच हे लागू. २८ दिवस किंवा जास्त झाले तर पहिल्या दिवसापासून. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि तोही मालकाने भरायचा. बिले मात्र हवीत. महात्मा फुले योजनेतून मोफत शस्त्रक्रिया झाली असेल तर तो खर्च आपण केलेलाच नसतो, त्यामुळे मागता येत नाही. बाहेरून आणलेली औषधे आणि तपासण्या मागता येतात. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळले तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. बोलणी करताना ही गोष्ट हळूच कानावर घालावी.

आता कागद, कारण दावे इथेच जिंकले किंवा हरले जातात. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय असो की लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, केसपेपर लिहिणारा शिकाऊ डॉक्टर घाईत असतो. ‘‘कधीपासून दुखतंय?’’ असे तो विचारतो, रुग्ण सांगतो, ‘‘लई दिवसांपासून.’’ तेवढेच कागदावर उतरते आणि तोच कागद दोन वर्षांनी साक्षीत समोर येतो. त्याला सरळ सांगायचे: आधी कंबर अधूनमधून दुखायची, तरी मी रोज पूर्ण काम करायचो, काल सकाळी आडतीत पोते उचलताना कळ आली, तेव्हापासून पायाला मुंग्या येतात, उभे राहता येत नाही. आणि हे सगळे लिहून घ्या म्हणायचे. आधीचे दुखणे लपवू नये. जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलवाल्याची वही, शेजारी, कुठून तरी ते बाहेर येतेच, आणि मग खरी घटनाही खोटी ठरते.

जुने कागद लपवण्याऐवजी उपयोगात आणावेत. दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणि त्यानंतर सलग दोन वर्षांची हजेरी, हमालीच्या तोलपावत्या, माथाडी मंडळाची नोंद किंवा मुकादमाची वही, हे शेजारी-शेजारी ठेवले की दुखणे असूनही माणूस कामाचा होता हे आपोआप दिसते. सोबतच्या दोन हमालांची नावे त्याच आठवड्यात लिहून ठेवावीत. वर्षभराने त्यातला एक पुण्याला गेलेला असतो.

डॉक्टरांकडून नुसता अपंगत्वाचा दाखला आणू नये. तो शरीराचा टक्का सांगतो. कमाईचा टक्का वेगळा असतो. १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून घट १०० टक्के धरली गेली. डॉक्टरांना लेखी विनंती करावी की त्यांनी तीन गोष्टी लिहाव्यात: या घटनेने आधीची झीज वाढली का, आधीचे काम आता करता येईल का, आणि त्यामुळे कमाईची ताकद किती टक्के घटली. साक्षीला ते येतील का, हेही तेव्हाच विचारावे.

मालकाला अपघाताची लेखी सूचना लगेच द्यावी, स्पीड पोस्टाने, पावती जपून. दावा दोन वर्षांच्या आत लागतो. आजवर हे दावे कामगार न्यायालयाचे किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश भरपाई आयुक्त म्हणून चालवत आले. संहितेत सक्षम प्राधिकारी हा शब्द आहे. मुखेड-कंधारहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीला गेलेल्याला फडाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आपण राहतो त्या भागातही दावा करता येतो. ठेकेदार हात वर करत असेल तर ज्याच्यासाठी काम चालले होते त्या मूळ मालकालाही पक्षकार करावे.

मुकादमाची उचल अंगावर असेल तर ‘‘भरपाई उचलीत वळती करू,’’ असे हमखास ऐकवतात. तसे करता येत नाही. भरपाईतून कोणतेही येणे वळते करायला कायद्याची मनाई आहे. ‘यापुढे काही मागणार नाही’ असा मुद्रांकावरचा कागदही हक्क बुडवू शकत नाही; तडजोड करायचीच तर ती प्राधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यावी.

दाव्याचा खर्च म्हणाल तर फी नाममात्र. खरा खर्च एमआरआयचे काही हजार, नोटरी, झेरॉक्स, एसटी आणि तारखेला बुडणारी हजेरी यांचा. वकील फुकट मिळू शकतो. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर ही मदत मिळते. खासगी वकील केला तर फी आधी ठरवून घ्यावी. ‘‘निकालानंतर वीस टक्के द्या’’ असा करार वकिलाला करताच येत नाही. बार कौन्सिलचा नियमच तसा आहे.

दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असे १९२३चा कायदा म्हणायचा. प्रत्यक्षात काय होते पाहा: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात गेला. वारसांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर झाले. उच्च न्यायालयाने २०११मध्ये ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये पुन्हा दिले. बावीस वर्षे. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, भरपाईला पात्र ठरतो हे त्यातून पक्के झाले, आणि संहितेतही आता तसे लिहिले आहे.

दावा मंजूर झाला की मालक किंवा विमा कंपनी ६० दिवसांत औरंगाबाद खंडपीठात अपील करू शकते, तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच. मालकाने अपील केले तर पूर्ण रक्कम आधी जमा केल्याचा दाखला जोडावा लागतो. ती जमा रक्कम, निदान काही भाग, अपील चालू असतानाच काढू देण्याचा अर्ज वकिलाला पहिल्याच तारखेला करायला सांगावा.