फिग्माची प्रेफरन्सेस: आधी काय लावावे, काय सोडून द्यावे



फिग्मा या डिझाइन ॲपमधील सेटिंग्ज दोन प्रकारच्या असतात. काही वापरणाऱ्याच्या स्वतःपुरत्या असतात. त्या बहुतेक मुख्य मेनूतील ‘प्रेफरन्सेस’मध्ये सापडतात. बाकीच्या फाइलमध्येच साठवल्या जातात आणि ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला लागू होतात. थीम डार्क केली तर सहकाऱ्याच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. कॅनव्हासचा पार्श्वरंग किंवा फाइलचे कलर प्रोफाइल बदलले, तर ते सगळ्यांचे बदलते. म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे, हे नवशिक्याने ओळखावे.

स्वतःपुरत्या सेटिंग्जमध्येही दोन अशा आहेत की त्यांचा परिणाम कामात उतरतो. त्यांतली पहिली ‘स्नॅप टू पिक्सेल ग्रिड’. ती चालू असताना आकार काढताना, सरकवताना किंवा ताणताना त्याची जागा आणि माप पूर्ण पिक्सेलवर बसते. ती बंद असली की रुंदी ११९.६७ आणि डावे अंतर १०.५ असे आकडे फाइलमध्ये शिरतात. एक पिक्सेल जाडीची उभी रेघ १०.५ वर आली, तर साध्या पडद्यावर ती शेजारच्या दोन स्तंभांत विभागली जाते आणि काळी दिसण्याऐवजी करडी व फुगीर दिसते. शिवाय अपूर्णांकातले माप पाहून डेव्हलपरला ते मुद्दाम दिले आहे की चुकून आले आहे, हे कळत नाही. त्यामुळे ही सेटिंग चालूच ठेवावी. लहान आयकॉनचे वळण डोळ्याला बरे दिसावे म्हणून अर्धा पिक्सेल हवा असेल, तर तेवढ्यापुरती बंद करून लगेच पुन्हा चालू करावी.

दुसरी सेटिंग ‘नज अमाउंट’. बाणाच्या कळीने वस्तू एक पिक्सेल सरकते आणि शिफ्ट धरून बाण दाबला की दहा. हे मूळचे आकडे आहेत. मात्र आज बरीच डिझाइन्स आठाच्या पटीत मांडली जातात. गूगलच्या मटेरियल डिझाइनने २०१४ पासून हीच पद्धत रूढ केली. १६ वर असलेले बटण शिफ्ट-बाणाने सरकवले तर ते २६ वर जाते, म्हणजे ग्रिडबाहेर. मोठा नज ८ केला की ते २४ वर जाते आणि प्रत्येक वेळी आकडा टाइप करावा लागत नाही. टीमची मांडणी चाराच्या किंवा पाचाच्या पटीत असेल तर त्याप्रमाणे आकडा ठरवावा.

आकड्यांच्या कळींनी पारदर्शकता बदलण्याची सोय उपयोगी असली तरी फसवी आहे. लेयर निवडलेला असताना ५ दाबले की तो पन्नास टक्क्यांवर येतो, ० दाबले की पुन्हा शंभरावर. मजकुराच्या चौकटीत किंमत टाइप करायला जावे, चौकट संपादनासाठी उघडलेली नसावी, आणि अक्षरे अचानक फिकट व्हावीत, असे हमखास घडते. ज्याला ही सोय लागत नाही त्याने प्रेफरन्सेसमधून ती बंद करावी.

झूमची दिशा, लेयरवर कर्सर नेताच उठणारी कड, निवडीवर दिसणारी मापे या गोष्टी निव्वळ सवयीच्या आहेत. त्या हाताला सोयीच्या वाटतील तशा ठेवाव्यात. त्यांवर वेळ घालवू नये.

मराठी मजकुरासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. फिग्माचे एकाक्षरी शॉर्टकट, उदाहरणार्थ फ्रेमसाठी एफ आणि मजकुरासाठी टी, इंग्रजी अक्षरांवर बेतलेले आहेत. म्हणून मराठी टाइप करून झाले की कीबोर्ड इंग्रजीवर आणण्याची सवय लावावी. दुसरी गोष्ट फॉन्टची. डेस्कटॉप ॲपला संगणकावरचे फॉन्ट थेट मिळतात, ब्राउझरमध्ये त्यासाठी फॉन्ट इन्स्टॉलर बसवावा लागतो. पण फक्त स्वतःच्या यंत्रावर असलेला देवनागरी फॉन्ट वापरला, तर दुसऱ्याकडे तो गहाळ असल्याची सूचना येते. सामायिक कामात गूगल फॉन्ट्समधील मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखे सर्वांना मिळणारे फॉन्ट घ्यावेत.

इतके झाले की प्रेफरन्सेसचा मेनू मिटवावा आणि कामाला लागावे. नव्या टीममध्ये रुजू होणाऱ्याने मोठ्या नजचा आकडा, फाइलचे कलर प्रोफाइल आणि फॉन्टची यादी या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात. बाकी सगळे नंतर बदलता येते.