बाईची सायकल, बुवाची सायकल

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत. रोज सकाळी दूध घालायला अडीच किलोमीटर चालत डेअरीपर्यंत जायचे. दहा लिटरची किटली, कधी डोक्यावर, कधी कमरेवर. वेळेत पोचले नाही की माप बंद होते आणि दूध तसेच घरी परत येते.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या भावाने आपली जुनी सायकल त्यांना देऊ केली. फुकट. सायकल मजबूत, मागे भक्कम कॅरिअर. पण ती पुरुषांची. म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असलेली. झाले, घरात बोलणी सुरू झाली. दीर म्हणाले, "बाईमाणसानं दांडीची सायकल चालवायची? लोक हसतील." शेजारीण म्हणाली, "पोटाला त्रास होतो म्हणे." मावशींनी वर्गात येऊन आम्हालाच विचारले, "बाई, बायकांची सायकल खरंच येगळी लागते का हो? लागत असंल तर पैसं साठवते. नसंल तर उद्याच घेऊन येते."

आम्ही पटकन सांगून टाकले, "लेडीज सायकलच घ्या." त्यांनी विचारले, "का?" आणि आम्हाला उत्तर आले नाही. सगळे घेतात म्हणून घ्या, एवढेच आमचे ज्ञान! मावशी काही बोलल्या नाहीत, पण आमची आम्हालाच लाज वाटली. नवी सायकल म्हणजे त्यांच्या किती दिवसांच्या दुधाचे पैसे! तेव्हा आम्ही माहिती मिळवली आणि पुढच्या आठवड्यात हाच धडा घेतला.

आधी एक प्रयोग करा. सरळ काटक्या घ्या. तीन काटक्यांची टोके सुतळीने बांधून त्रिकोण करा. चार काटक्यांचा चौकोन करा. आता दोन्ही हातांनी दाबून पाहा. चौकोन लगेच तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. सायकलच्या चौकटीत हीच युक्ती आहे. पुरुषांच्या सायकलकडे बाजूने बघा. सीटखालून पायडलपर्यंत एक नळी, पायडलपासून हँडलपर्यंत दुसरी, आणि वर आडवी दांडी. झाला जवळजवळ त्रिकोण. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचा आणखी एक त्रिकोण. म्हणून ही चौकट हलकी असूनही ओझे सोसते. बायकांच्या सायकलीत वरची दांडी खाली वाकवलेली असते. त्रिकोण मोडला, की चौकट पिळवटू लागते. ती सांभाळायला नळ्या जाड कराव्या लागतात आणि सायकल जड होते. कॅरिअरवर मोठे ओझे ठेवून लेडीज सायकल चालवणाऱ्याला तिचे डुलणे ठाऊक असते.

मग मुद्दाम चौकट कमजोर करायची कशाला?

याचे उत्तर इंग्लंडच्या घागऱ्यात आहे. आपण आज पाहतो तशी दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल 1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली यांनी बनवली. त्याआधीच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे. तिच्यावरून पडले तर तोंडावरच पडायचे. नवी सायकल बुटकी आणि सोपी होती, म्हणून बायकांनाही ती हवीशी वाटू लागली. पण तिथल्या बायका घोट्यापर्यंत घागरे घालत. घागरा घालून दांडीवरून पाय टाकायचा कसा? तेव्हा 1890 च्या सुमारास कारखानदारांनी दांडी खाली आणली, साखळीला डबा बसवला आणि मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी लावली. आपल्याकडे मोटरसायकलला साडीगार्ड असतो, त्याचीच ही आजी समजा.

म्हणजे दांडी वाकली ती कपड्यासाठी. बाईच्या हाडामांसाचा तिच्याशी संबंध नव्हता.

बोस्टनच्या ॲनी लंडनडेरी या बाईंची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1894 साली त्या सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाल्या. (बरीचशी फेरी आगबोटीने झाली, ते असो.) निघाल्या तेव्हा अंगावर लांब घागरा, आणि सायकल बायकांची, 42 पौंडांची, म्हणजे सुमारे 19 किलोची. शिकागोपर्यंत पोचता पोचता त्या टेकीला आल्या. तिथे त्यांनी ती सायकल सोडली आणि पुरुषांची 21 पौंडांची घेतली. वजन बरोबर निम्मे! अर्थात आधी घागरा सोडून त्यांना ढगळ विजार घालावी लागली.

हे वाचून दाखवले तेव्हा मावशी हसू लागल्या. म्हणाल्या, "मग माझा काष्टा काय वाईट?" आणि खरेच आहे. नऊवारी लुगड्याचा काष्टा घातला की दोन्ही पाय मोकळे. दांडीवरून पाय टाकायला अडचण नाही. अडचण येते ती गोल पातळाला. आपल्याकडच्या आज्यापणज्यांच्या नेसण्याला वाकडी दांडी मुळी लागतच नव्हती!

आता शेजारणीची शंका. पोटाला त्रास होतो, हे बोलणे जुने आहे. त्या काळी युरोपात डॉक्टरसुद्धा असे म्हणत. इतकेच काय, सायकलीमुळे बाईचा चेहरा बिघडतो असेही काहींनी लिहिले. यातले काहीही खरे ठरले नाही. सायकल चालवल्याने गर्भाशयाला इजा होत नाही. बाई गरोदर असेल तर पडण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हा दवाखान्यात विचारावे.

पण मग बाईच्या आणि पुरुषाच्या अंगात काहीच फरक नाही का? आहे. भारतात बायकांची सरासरी उंची सुमारे 5 फूट भरते आणि पुरुषांची सुमारे 5 फूट 5 इंच. सरासरी म्हणजे सगळ्यांची उंची मिळवून माणसांच्या संख्येने भागायचे. पण सरासरी काही सायकलवर बसत नाही, माणूस बसतो. आम्ही वर्गातल्या सगळ्यांना ओळीत उभे केले. मावशी भरल्या 4 फूट 10 इंच. त्यांची सूनही वर्गाला येते, ती भरली साडेपाच फूट. आमचे रखवालदार सुनेच्या कानाला लागले. आता सांगा, मोठी सायकल कोणाला आणि लहान कोणाला?

खरी तक्रार इथेच आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे जी काळी, भक्कम सायकल बनत आली, तिची चाके 28 इंची. ती उंच माणसाच्या मापाची. बुटक्या माणसाला ती मोठीच होते, आणि बुटक्या माणसांत बायका जास्त. म्हणून हा त्रास बायकांच्या वाट्याला अधिक आला आणि लोक समजले, की हा बाईपणाचाच दोष. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी 1985 साली यावर कारखानाच काढला. लहान चणीच्या बाईला हँडल फार लांब पडते, हे पाहून त्यांनी चौकट आखूड केली आणि पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान बसवले. पुष्कळ बायकांची त्यामुळे सोय झाली. पुढे इतर कारखान्यांनीही बायकांसाठी वेगळ्या चौकटी काढल्या. अलीकडे मात्र काही मोठ्या कारखान्यांनी हजारो माणसांची मापे तपासली आणि चौकटीतला बाई-पुरुष हा भेद सोडून दिला. लहान, मध्यम, मोठी अशी मापे ठेवली, की काम भागते असे ते म्हणतात. काही कारखाने अजून वेगळ्या बनवतात. दोघांनाही माल खपवायचा आहे, हे आपण विसरू नये.

आमच्या मनाला पटले ते तमिळनाडूतले उदाहरण. पुदुक्कोट्टई हा तिथला एक गरीब जिल्हा. 1991 साली तिथे साक्षरतेची मोठी चळवळ उभी राहिली. तिचे नाव अरिवोळी इयक्कम, म्हणजे ज्ञानाच्या उजेडाची चळवळ. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ठरवले, की बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. वर्ग गावोगाव, एकट्या बाईने बसची वाट किती पाहायची? शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, परिचारिका, शिक्षिका, सगळ्या शिकल्या. लोकांनी पहिल्यांदा टोमणे मारले. 1992 च्या महिलादिनानंतर ते आवाज पुष्कळ कमी झाले, कारण त्या दिवशी 1,500 हून अधिक बायका सायकली घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या.

आता गंमत पाहा. इतक्या बायका शिकल्या, तर लेडीज सायकली पुरेनात. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन जे लिहिले आहे, त्यात हे आहे. बायका म्हणाल्या, आम्हाला पुरुषांची चालेल. काहींना तर तीच आवडली. का? तर पुढच्या दांडीवर मूल बसवता येते! घागऱ्यासाठी जी दांडी काढून टाकली, तीच दांडी लेकुरवाळीच्या कामाला आली.

तेव्हा सायकल निवडताना नावाकडे न बघता मापाकडे बघायचे. आम्ही वर्गात मापे घेतली, तशी तुम्हीही घरी घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे घालून जाईल तितके वर धरा आणि भिंतीवर खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचे माप घ्या. सायकलची दांडी या मापापेक्षा निदान इंचभर खाली हवी, म्हणजे दोन्ही पाय टेकून उभे राहता येते. नंतर सीटवर बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकली आणि गुडघा सरळ झाला, की सीटची उंची बरोबर. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. ब्रेकचा दांडा बोटांनी सहज धरता यायला हवा. बायकांचे हात बहुतेक लहान असतात आणि ब्रेक दूर असला तर ऐन वेळी दाबला जात नाही. हे दुकानातच बघून घ्या, लाजू नका.

राहिली सीट. इथे मात्र बाईचे थोडे वेगळे असते. आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर. बायकांच्या त्या दोन हाडांमधले अंतर बहुधा थोडे जास्त असते, म्हणून अरुंद सीट टोचते आणि नको तिथे दुखते. खोक्याचा जाड पुठ्ठा पाटावर ठेवून त्यावर मिनिटभर बसा. दोन खळगे उमटतील. ते दोन्ही खळगे सीटच्या रुंद भागावर यायला हवेत. रुंद सीट थोड्या पैशांत बदलून मिळते. त्यासाठी सगळी सायकल बदलायला नको.

मावशींच्या भावाची सायकल आम्ही अंगणात मोजली. भाऊ स्वतः ठेंगणे, त्यामुळे सायकल लहान चौकटीची होती. तरी दांडी 29 इंचांवर भरली. मावशींचे माप 26 इंच. सुनेचे 31. म्हणजे सासूचे नेसणे दांडीला बरोबर, पण उंची कमी. सुनेची उंची बरोबर, पण नेसणे गोल! वर्गात जो हशा पिकला तो विचारू नका.

पुढचे चार दिवस त्या घरात काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी सूनबाई सलवार घालून, सायकल हातात धरून वर्गाच्या दारात आल्या. सीट बदललेली होती. दीर मागे उभे होते, कॅरिअरला किटली कशी बांधावी ते सांगत.

आता दूध सूनबाई नेतात. दहा लिटरच्या जागी दोन किटल्या जातात, शेजारणीची एक. मावशी रविवारी बाजारात जुनी 20 इंची सायकल शोधत असतात. दांडी सरळ असो की वाकडी, त्या फक्त खिशातली टेप काढून उंची मोजतात. दुकानदाराने परवा त्यांना विचारले, "नातीसाठी का?"

"नाही," मावशी म्हणाल्या, "माझ्यासाठी. धरा हे टोक."