धोटा गेला, आता डंपरची पाळी
खाणीतील स्वयंचलित यंत्रे आणि आपल्या रोजीचा हिशोब



कापडाचा व्यापारी खाणींबद्दल का लिहितो, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. धसईच्या बाजारात आमच्याकडे कापड घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांत खडी क्रशरवरचे मजूर असतात, डंपरचे मालक असतात, पोकलेन चालविणारे असतात. त्यांच्या हातात पैसा खेळला तर ईदेला आणि लग्नसराईत आमचा गल्ला भरतो. त्यांचे काम थांबले तर आमची उधारीची वही भरते. शिवाय आपल्या समाजातील अनेक तरुण वाहतुकीच्या, गॅरेजच्या आणि खडी-वाळू पुरविण्याच्या धंद्यात आहेत. म्हणून खाणीत कोणते यंत्र येत आहे, हे आपण सर्वांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

धसईला यंत्राचा अनुभव नवा नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी आमचे गाव महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. त्या वेळचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली होती. यंत्र एका दिवसात आले, पण लोकांची सवय बदलायला पुढे वर्षे लागली. आज खेड्यापाड्यांतील भाजीवालाही मोबाईलवर पैसे घेतो. यंत्र येते तेव्हा गाजावाजा होतो. त्याचा खरा परिणाम मात्र नंतर, गुपचूप होतो. खाणींतही तेच घडत आहे.

घणापासून पोकलेनपर्यंत

मुरबाड-शहापूरच्या भूमीत कोळसा नाही आणि लोखंडाच्या मोठ्या खाणीही नाहीत. अल्लाहने आपल्याला सह्याद्रीचा काळा दगड दिला आहे. सरकारी भाषेत तो 'गौण खनिज' होय. पूर्वी या दगडावर वडार बांधव घण, पहार आणि छिन्नी घेऊन काम करीत. हाताने भोक पाडायचे, सुरुंग भरायचा, दगड फोडायचा आणि बायकांनी हातोडीने खडी करायची, अशी रीत होती. नंतर हवेच्या दाबावरचे ड्रिल आले, क्रशर आला, मग पोकलेन आणि तिच्या तोंडाला लावलेला ब्रेकर आला. पन्नास माणसांचे काम पाच माणसांवर आले.

शहापूर तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात इगतपुरी ते कसारा असा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. एवढा डोंगर घणाने फोडायचा म्हटले असते तर एका पिढीचे आयुष्य गेले असते. म्हणून यंत्राला शिव्या देऊन काही साधणार नाही. यंत्राने माणसाचा जीवही वाचविला आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार मरण पावले. जिथे छत कोसळण्याची भीती आहे, तिथे माणसाऐवजी लांबून चालविलेले यंत्र पुढे जात असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. दगडाच्या धुळीने फुप्फुस निकामी होण्याचा रोगही खाणकामगारांना नवा नाही.

मोठ्या खाणीत काय चालले आहे?

लहान खाणीत उद्या काय येणार, हे मोठ्या खाणीत आज दिसते. कोल इंडिया ही सरकारी कंपनी १९७५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे वर्षाचे उत्पादन सुमारे ७ कोटी ९० लाख टन होते. २०२४-२५ मध्ये ते ७८ कोटी टनांवर गेले. म्हणजे जवळजवळ दहा पट! कायम कामगारांची संख्या मात्र एकेकाळी ६ लाखांच्या वर होती, ती २०२४ मध्ये सुमारे २ लाख २९ हजारांवर आली. ठेकेदाराकडील मजूर यात धरलेले नाहीत, हे खरे. तरीही माल वाढला आणि पक्की नोकरी घटली, हे स्पष्ट आहे. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स याच कंपनीची शाखा आहे.

आता उघड्या खाणीत सुरुंगाशिवाय कोळसा खरवडून काढणारी यंत्रे आहेत. गाडी कोठे आहे हे जीपीएसवर दिसते. गाडीवरील चिप वाचून फाटक आपोआप उघडते आणि काट्यावरचे वजन थेट संगणकात जाते. परदेशात तर याहून पुढची पायरी गाठली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीचे प्रचंड ट्रक ड्रायव्हरशिवाय धावतात. २०१८ पासून तिच्या खनिजाच्या आगगाड्याही चालकाविना धावू लागल्या. हा सारा कारभार सुमारे १५०० किलोमीटर दूर पर्थ शहरात बसून पाहिला जातो. जणू मुंबईत बसून दिल्लीच्या पलीकडची गाडी हाकावी!

धोटा आणि डंपर

हे सर्व वाचून 'ड्रायव्हरशिवाय ट्रक आपल्याकडे कधी येणार?' असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा की, ट्रकचीच गरज उरणार आहे काय?

आम्ही हे भिवंडीत शिकलो, आणि पैसे घालवून शिकलो. साध्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि बाणाचे सूत नेतो. त्या धोट्यात कांडी लागते. कांडी भरणारे वेगळे कारागीर असत आणि त्यावर कित्येक घरे चालत. रेपियर माग येणार असे ऐकू येत होते, तेव्हा आम्हाला वाटले की विणकराची रोजी जाईल, कांडीला काय होते? म्हणून आम्ही जुने साधे माग आणि कांडी भरण्याचे मशीन स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. प्रत्यक्षात नव्या मागावर धोटाच नव्हता. धोटा नाही म्हणजे कांडी नाही. विणकर राहिला, फक्त तो जास्त माग सांभाळू लागला. कांडीवाला मात्र पुरता उठला. आमची यंत्रे शेवटी भंगारात, वजनावर गेली.

यावरून आम्ही एक नियम धरला. यंत्र सुधारते तेव्हा सर्वात आधी ने-आण करणाऱ्याचे काम जाते. खाणीतील धोटा म्हणजे डंपर होय. गडचिरोलीत सूरजागडचे लोहखनिज ट्रकने वाहून नेले जात असे. २०२५ साली तेथे हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. दळलेले खनिज पाण्यात मिसळून नळातून वाहते. तेवढ्या मालासाठी ट्रकही नको आणि डिझेलही नको. कोल इंडियानेही खाणीतून रेल्वेपर्यंतचा कोळसा रस्त्याऐवजी सरकत्या पट्ट्याने नेण्याच्या योजना हाती घेतल्या आहेत. धूळ कमी होते, अपघात कमी होतात, कंपनीचा खर्च वाचतो. पण हप्त्यावर ट्रक घेतलेल्याचे काय?

आता माप यंत्राच्या हाती

तुम्ही म्हणाल, आमच्या खडी क्रशरला कोण नळवाहिनी घालणार? बरोबर आहे. काळ्या दगडाला गावोगावी न्यायला गाडी लागणारच. पण आपल्याकडे दुसऱ्या वाटेने यंत्र आले आहे. ते माप घेणारे यंत्र आहे.

खडीचे माप ब्रासमध्ये होते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. पूर्वी एका पासावर दोन-तीन फेऱ्या मारल्या जात. तीन ब्रासच्या पासावर चार ब्रास माल जाई. आता महाखनिज या सरकारी प्रणालीवर प्रत्येक फेरीचा ऑनलाईन वाहतूक परवाना निघतो. त्यावर गाडीचा नंबर आणि मुदतीची वेळ असते. गाडीला जीपीएस लागते. खाणीतून किती दगड निघाला याची ईटीएस यंत्राने मोजणी होते. ड्रोनने खड्ड्याचे चित्र घेऊनही घनफळ काढता येते. मोठ्या खनिजांसाठी तर २०१६ पासून नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोमार्फत उपग्रहावरून नजर ठेवली जाते आणि हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंतचे खोदकाम पकडले जाते. विनापरवाना माल सापडला तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होतो आणि गाडीही अडकते.

काही बंधू याला जाच म्हणतात. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, मापात लबाडी करण्याची परवानगी आपल्याला कधी होती? कुरआनात मापात कमी करणाऱ्यांच्या नावानेच एक सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. जे काम आपण अल्लाहच्या भीतीने करायला हवे होते, ते आज जीपीएसच्या भीतीने करावे लागते, ही आपल्यालाच लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. प्रामाणिक माणसाला मात्र हे यंत्र उपकारक आहे. चोरीचा माल स्वस्तात विकणारा शेजारी आता त्याचा भाव पाडू शकत नाही.

हप्त्याचा हिशोब

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, एखाद्या तरुणाने डंपर घेतला आणि महिन्याचा हप्ता ७०,००० रुपये आहे. वर्षाचे झाले ८,४०,००० रुपये. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. म्हणजे आठ महिन्यांत हे पैसे काढायचे. महिन्याला १,०५,००० रुपये. डिझेल, ड्रायव्हर, टायर आणि रॉयल्टी जाऊन फेरीमागे ७०० रुपये सुटले असे धरा. मग महिन्याला १५० फेऱ्या झाल्या. पंचवीस दिवस, रोज ६ फेऱ्या, आणि हे फक्त हप्त्यासाठी. घरखर्च अजून बाकीच आहे! पूर्वी हा खड्डा जादा माल आणि जादा फेऱ्यांनी भरला जाई. ते दार आता बंद झाले. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, पण गाडी घेण्याआधी हा हिशोब कागदावर मांडावा.

गोव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तेथे लोहखनिजाच्या तेजीत हजारो लोकांनी कर्जाने ट्रक घेतले. २०१२ साली सरकारने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. ते पुढे थोडे सुरू झाले, आणि न्यायालयाच्या निर्णयाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले, व्याज मात्र चालू राहिले. शेवटी राज्य सरकारला कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणावी लागली. खाण बंद पडते, यंत्र बदलते, कायदा बदलतो. सूद कशासाठीच थांबत नाही. सूद हराम का, हे ज्याला किताबातून कळले नाही, त्याने हे उभे ट्रक आठवावेत.

मग करावे काय?

१) डोके आणि हात यात भांडवल घाला. भिवंडीत कांडीवाला गेला, पण मागाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त करणाऱ्याला आज फुरसत नाही. खाणीतही हायड्रॉलिक पंप, सेन्सर, जीपीएस, वजनकाटा आणि क्रशरची मोटर दुरुस्त करणारा लागणारच. गॅरेजवाल्या बंधूंनी पाना-पकडीसोबत मीटर आणि लॅपटॉपही हाताळायला शिकावे. मुलांना आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकसोबत इलेक्ट्रॉनिक्सकडेही पाठवावे.

२) कागदपत्राचे काम शिका. परवाना काढणे, फेऱ्यांची नोंद, जीएसटी आणि मोजणीचा हिशोब हे सर्व संगणकावर होते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना मराठी-इंग्रजी अर्जांची भीती वाटते. घरातील शिकलेल्या मुली हे काम घरी बसून उत्तम करू शकतात.

३) भागीदारी करा. मुशारकतीत भांडवल सर्वांचे असते, नफा ठरल्याप्रमाणे वाटला जातो आणि तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसला जातो. चार भावांनी मिळून एक जुनी पण धडधाकट गाडी रोखीने घेणे हे चौघांनी चार नव्या गाड्या हप्त्यावर घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. एकाकडे हुन्नर आणि दुसऱ्याकडे पैसा असेल तर मुदारबतीवर दुरुस्तीचे दुकान निघू शकते. करार मात्र लेखी आणि साक्षीदारांसह करावा.

४) हक्काचा पैसा मागा. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. खाणवाल्यांकडून जमणारा हा पैसा खाणीने बाधित गावांसाठी असतो आणि त्यातून कौशल्य प्रशिक्षणही देता येते. ज्या गावांना खाणीची धूळ खावी लागते, त्यांनी ग्रामसभेत यंत्रदुरुस्तीच्या प्रशिक्षणाचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

बंधूंनो, हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) हे प्रेषित होते, राजे होते, आणि लोखंडाची चिलखते बनवून स्वतःच्या हाताची कमाई खात होते. लोखंडाला घाबरण्याची आपली परंपरा नाही, त्याला वळण देण्याची आहे. येत्या सुगीनंतर आपल्या मोहल्ल्यातील कोणी तरुण डंपरचे कागद घेऊन सही करायला निघाला, तर त्याला थोडा वेळ थांबवा, चहा पाजा आणि वरचा हिशोब त्याच्याकडून एकदा मांडून घ्या. एवढे केले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.