शाळेतील गिनीपिग : निवारा व निगा

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील प्राणी होय. आपल्याकडील कडक उन्हाळा त्यास सोसत नाही. सबब त्याचे खुराडे पत्र्याखाली न ठेवता सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. हा प्राणी सोबतीने राहणारा असल्याने दोन माद्या एकत्र पाळाव्यात. त्यांस किमान ४ फूट लांब व २ फूट रुंद जागा द्यावी. तळ जाळीचा नसावा. जाळीने पाय दुखावतात. तळाशी सुके गवत अंथरून ओले झालेले रोज काढावे. लपण्यास आडवे मडके ठेवावे.

मनुष्याप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. केवळ धान्यावर ठेवल्यास त्यास स्कर्व्ही जडतो. याकरिता रोज ताजी कोथिंबीर किंवा पेरूची लहान फोड द्यावी. दात सतत वाढत असल्याने ते झिजण्यास सुके गवत सदैव पुढे असावे. पाणी रोज बदलावे. कांदा व बटाटा वर्ज्य करावा.

निगेच्या पाळ्या मुलांत वाटून द्याव्यात व त्यांवर शिक्षकांनी स्वतः लक्ष ठेवावे. रविवारी व उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राण्यास कोण सांभाळील, हे तो आणण्यापूर्वीच ठरवावे. तशी सोय होत नसेल, तर प्राणी आणू नये; मुलांना हाही दयेचाच पाठ होय.