हयातीतले देणे आणि मृत्यूनंतरचा वारसा

आयुष्यभर जमविलेले धन मुलाबाळांच्या हाती दोन मार्गांनी जाते. माणूस ते हयातीतच देऊन टाकतो, किंवा त्याच्या मृत्यूनंतर ते वारसांकडे जाते. या दोन वाटा कुटुंबाच्या दृष्टीने एकाच ठिकाणी पोहोचत असल्या, तरी करविषयक कायद्याने त्यांच्याकडे नेहमी वेगवेगळ्या नजरेने पाहिले आहे. भारतातील गेल्या सात दशकांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्वातंत्र्यानंतर संपत्तीच्या वाटपातील विषमता कमी करावी आणि राज्यांना विकासकार्यासाठी पैसा मिळावा, या दुहेरी हेतूने १९५३ मध्ये संपदा शुल्क अधिनियम करण्यात आला. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मृत व्यक्तीने मागे ठेवलेल्या संपदेच्या मूल्यावर चढत्या श्रेणीने ही आकारणी होई. आरंभी सर्वोच्च दर ४० टक्के होता. पुढे तो ८५ टक्क्यांपर्यंत चढला.

मृत्यूनंतर कर द्यावा लागणार असेल, तर त्यापूर्वीच मिळकत मुलांच्या नावे करून टाकावी, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. कायद्याने ही पळवाट आधीच ओळखली होती. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली देणगी सामान्यतः मृताच्याच संपदेत धरली जाई. एवढेच नव्हे, तर दिलेल्या वस्तूवरील दात्याचा उपभोग पूर्णपणे सुटलेला नसेल, तर दोन वर्षांची मुदत उलटूनही उपयोग होत नसे. समजा, एखाद्या गृहस्थाने भाड्याने दिलेले घर मुलाच्या नावे केले, पण भाडे मात्र अखेरपर्यंत स्वतःच घेतले. असे देणे कायद्याच्या लेखी देणेच नव्हे.

तरीही दोन वर्षांहून आधी दिलेले दान करमुक्तच राहत होते. ही उणीव केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारतीय करपद्धतीविषयीच्या १९५६ मधील अहवालात पुढे आणली. १९५८ चा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला आणि त्यातून दानकर अस्तित्वात आला. हा कर घेणाऱ्याने नव्हे, तर देणाऱ्याने भरावयाचा होता.

या दोन्ही करांचा शेवट मात्र त्यांच्या उद्दिष्टांना साजेसा झाला नाही. १९८५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी सांगितले, की संपदा शुल्काचे उत्पन्न सुमारे २० कोटी रुपयेच आहे आणि वसुलीचा खर्च त्या मानाने जास्त आहे. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत हे शुल्क रद्द झाले. १ ऑक्टोबर १९९८ पासून दिलेल्या देणग्यांवरील दानकरही गेला.

आजची स्थिती

आज भारतात वारसा कर नाही. मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने मिळालेली मिळकत घेणाऱ्याचे उत्पन्न मानली जात नाही. देणगीच्या बाबतीत २००४ पासून कराचा रोख उलटा झाला आहे. भार आता घेणाऱ्यावर आहे. वर्षभरात नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाल्यास केवळ वरचा भाग नव्हे, तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. विवाहप्रसंगी वधूवरांना मिळालेल्या भेटी यातून वगळल्या आहेत.

'नातेवाईक' कोण, हे कायद्याने सांगितले आहे आणि त्यात एक गमतीदार विसंगती आहे. पती-पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि भावंडे यांच्याकडून मिळालेले धन करमुक्त आहे. काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेलेही तसेच. परंतु मामाने भाच्याला दिलेली रक्कम करमुक्त असली, तरी भाच्याने मामाला दिलेली रक्कम मर्यादेपलीकडे गेली की करपात्र ठरते. कारण नाते घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते आणि त्या यादीत भाचा नाही. चुलत, मामे, आते व मावस भावंडेही त्यात बसत नाहीत.

देणगी करमुक्त असली, म्हणून तिच्यापासून येणारे उत्पन्नही दात्याच्या हिशेबातून सुटते असे नाही. पतीने पत्नीला किंवा सासऱ्याने सुनेला पैसे दिले आणि त्यांवर व्याज आले, तर ते व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलेल्या पैशाला हा नियम लागू नाही. शिवाय एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास मनाई आहे. वडिलांकडून मुलाने घेतलेली रोख रक्कमही तिला अपवाद नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने अगर बँकेमार्फत द्यावी आणि सोबत साधे दानपत्र लिहून ठेवावे.

घर किंवा जमीन द्यावयाची असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार दात्याने सही केलेले, किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले आणि नोंदणी झालेले बक्षीसपत्र लागते. दाता हयात असतानाच घेणाऱ्याने त्याचा स्वीकार करणे आवश्यक असते.

येथेच मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील खरा भेद दिसतो. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येते. पुरे झालेले बक्षीसपत्र मात्र केवळ मन पालटले म्हणून परत घेता येत नाही. सर्व काही मुलांच्या नावे करून बसलेल्या वृद्धांची पुढे आबाळ झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने त्यांना काहीसा आधार दिला: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून रद्द ठरविता येते. त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे श्रेयस्कर.

वारसा करच नसल्यामुळे कर वाचविण्यासाठी हयातीत सर्वस्व देण्याचे कारण आज उरलेले नाही. मुलांची नड भागविण्यासाठी अवश्य द्यावे. परंतु डोक्यावरचे छप्पर आणि हातातली शिल्लक यांची व्यवस्था मृत्युपत्रावर सोपवावी, हे अधिक शहाणपणाचे.